मी लावलेली बटणं

माणसाने आपल्याच घरातल्या आपल्याच खुर्चीत बसावं की बसू नये? प्रश्न तसा साधा होता. ऑफिसातून दमून आलो होतो, म्हणून मी बसायचं ठरवलं. पुढे जे रामायण झालं ते सगळं त्या एका बसण्यामुळे झालं.

खुर्चीत टाचणी होती.

आमच्या घरात खुर्चीत टाचणी असणं हा काही अपघात नव्हे. नसली तर तो अपघात. कारण आमची ही शिवणकाम करते. बरीच वर्षं तिच्याकडे नुसत्या दुरुस्त्याच यायच्या. कुणाची पँट उसवली, कुणाची चेन अडकली, कुणी सुटल्यामुळे कंबर वाढवायची (या शेवटच्या प्रकारात घरचं गिऱ्हाईकही होतं). पण यंदा भिंगरीच्या शाळेने नवा गणवेश काढला, आणि तो शिवून घ्यायला पालकांना हिचं नाव सुचवलं. भिंगरी म्हणजे आमची मुलगी. पाचवीत आहे. तिला एका जागी बसलेली अजून कुणी पाहिलेली नाही, म्हणून हे नाव.

गणवेशाचा नमुनाही हिनेच करून दाखवला होता. रंग वांगी. "शाईचे डाग पडले तरी दिसत नाहीत," असं हिचं म्हणणं. मुलामुलींना सारखाच सदरा, सारखीच पँट, पांढरी कॉलर. आणि सदऱ्याच्या आतून, डाव्या बाजूला, झाकण आणि बटण असलेला एक चोरखिसा. हा चोरखिसा म्हणजे हिच्या अभिमानाची गोष्ट होती. "मुलींच्या कपड्यांना खिसेच नसतात हो," ती सांगायची. "लहानपणी मी पेन्सिलीचे तुकडे मोज्यात ठेवायचे. चालताना टोचायचे." मुख्याध्यापिकाबाईंनी त्या खिशात हात घालून पाहिला, पुन्हा घालून पाहिला, आणि नमुना पास केला.

त्या दिवसापासून आमचं घर वांगी झालं. पलंगावर बाह्या, टेबलावर कॉलरी, दारामागे पँटींचे डावे पाय आणि खिडकीत उजवे. दिवाणाखाली कापडाचे तागे. जेवायला बसलो की ताटात खडूची पूड. मी यातलं काहीही बोलून दाखवलं नाही, हा माझा समंजसपणा. (बोललो असतो तर काय झालं असतं हेही मला ठाऊक होतं, हा त्या समंजसपणाचा पाया.)

तर टाचणी. मी किंचाळून उठलो, तेव्हा ही तोंडात आणखी चार टाचण्या धरून कापड बेतत होती. तिने त्या काढून शांतपणे विचारलं, "सापडली का? केव्हाची शोधतेय."

मी तणतणत मलम शोधत असतानाच ती म्हणाली, "अहो, आज शाळेत पालकसभा आहे. मला हे एवढं बेतून संपवायचंय. तुम्ही जाऊन या. काही करायचं नाही. नवा गणवेश सगळ्यांना मान्य आहे का, असं विचारतील, तेव्हा हात वर करायचा. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. बोलायचं काही नाही. बोलायचं नाही म्हणजे अजिबात बोलायचं नाही."

आता एवढी साधी सूचना. पण सभेच्या हॉलमध्ये मुलांचे लाकडी बाक होते, आणि मला बसता येत नव्हतं. सगळे पालक बसलेले आणि मी एकटा मागे भिंतीला टेकून उभा. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. त्यांचा मुलगा सातवीत आहे. डॉक्टरांना समोरच्या माणसाचं तोंड उघडून घ्यायची सवयच. त्यांनी विचारलं, "नवा गणवेश मान्य आहे ना सगळ्यांना?" मी ताबडतोब हात वर केला. बाकीचे आळसावून बसले होते, त्यांचे हात वर यायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "हां, ते मागे उभे असलेले गृहस्थ काही बोलू इच्छितात. बोला, मोकळेपणाने बोला."

मी तुम्हाला खरं सांगतो, मला आजवर कुणी 'बोला' म्हणालेलं नाही. ऑफिसात साहेब 'पुरे' म्हणतात. घरी ही 'कळलं' म्हणते. इथे दीडशे माणसं माना वळवून माझ्याकडे पाहत होती आणि चेहऱ्यावर उत्सुकता होती. माझी जखम ठणकत होती. मी तोंड उघडलं.

"मुलं म्हणजे विटा नव्हेत!" मी म्हणालो.

हे वाक्य कुठून आलं ते मला आजही माहीत नाही, पण आल्यावर त्याच्या मागोमाग आणखी आली. मुलांना एका साच्यातून का काढायचं? फुलपाखरांना कुणी गणवेश घालतं का? ("नाही!" समोरून एक आजोबा म्हणाले.) ज्याला सकाळी उठून आपला सदरा निवडता येत नाही, तो मोठेपणी काय निवडणार? मी स्वतः गणवेशात वाढलो आणि आज ऑफिसात पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून बसतो. साहेब मला अजून शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या नावाने हाक मारतात! (हे खरं आहे.) लहानपणी माझे वडील एकदा शाळेतून मला म्हणून दुसऱ्याच मुलाला घरी घेऊन आले, आणि जेवायला बसेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही! (हे मी तिथल्या तिथे रचलं.)

टाळ्या पडल्या. अहो, कडकडाट झाला! एक आई उठून म्हणाली, यांचं अगदी बरोबर आहे. दुसरे बाबा उठले, तिसरी मावशी उठली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मुख्याध्यापिकाबाई मात्र जरा वेळ माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, "यांच्याकडूनच ही सूचना येते, याचं मला विशेष वाटतं. आपण हे सत्र विनागणवेश करून पाहू. सत्र संपताना पुन्हा सभा घेऊ."

घरी येताना मी जमिनीवरून चालत नव्हतो. रस्त्यात एका पालकाने स्कूटर थांबवून हात मिळवला. मी मनातल्या मनात भाषण पुन्हा करत होतो, काही वाक्यं सुधारत होतो. अशा तंद्रीत दारापाशी आलो आणि आतून मशीनचा आवाज आला.

तेव्हा मला कळलं, मी काय केलंय.

तुम्ही म्हणाल, माणूस इतकं कसं विसरेल? घरात मान वळवावी तिकडे गणवेश, आणि हा शाळेत जाऊन तोच बंद करून येतो? असं विचारणाऱ्यांना कधी टाळ्या पडलेल्या नाहीत, एवढंच मी म्हणेन. त्या हॉलमध्ये गणवेश हा एक विषय होता. घरी तो हिच्या हातात होता.

"केलात का हात वर?" तिने मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"केला."

"बोलला नाहीत ना काही?"

मी पाणी प्यायला आत गेलो. पेला भरला, प्यायलो, पुन्हा भरला. एवढ्यात ती आपणच म्हणाली, "काय बोलणार म्हणा तुम्ही," आणि हसली. खूप दिवसांनी इतकी मोकळी हसली होती. मग मला सांगायचं होतं ते सांगताच आलं नाही.

जेवताना सांगू म्हटलं, तर ती जेवताना पुढल्या वर्षाच्या गोष्टी बोलायला लागली. पुढल्या वर्षी थंडीसाठी आतून अस्तर लावायचं, बाहेरची पडवी बंद करून तिथे दोन मशिनी टाकायच्या, मदतीला कुणी बाई ठेवायची. "आणि दाराबाहेर पाटी," ती म्हणाली. "नुसतं 'शिवणकाम' नाही हं. माझं नाव घालून." मी उद्यावर टाकलं. उद्या गेल्यावर परवावर टाकलं. शाळेकडून सूचना यायला आठवडा लागणार होता, आणि तो आठवडा मी चोरासारखा घरात वावरलो.

त्यातून माझ्या मनाने एक पळवाट काढली. मी तिला मदत करायला लागलो.

"आज काय, सूर्य कुठून उगवला?" ती म्हणाली. पण खूश झाली. तिने मला सुई कशी ओवायची ते दाखवलं, बटणांचा डबा समोर ठेवला, आणि रोज ऑफिसातून आलो की मी तिच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून वांगी सदऱ्यांना बटणं लावू लागलो. कुणीही घालणार नव्हतं अशा सदऱ्यांना. बोटं टोचून घेत, जीव ओतून लावत होतो. ही मशीन चालवता चालवता गप्पा मारायची, तिच्या शाळेतल्या, आमच्या लग्नाच्या आधीच्या. एरवी आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का आणि बिल भरलं का. इतकी वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं की हिला शाळेत धावण्याच्या शर्यतीतून खिसा नसल्यापायी काढलं होतं. (पेन्सिलीचा तुकडा मोज्यातून पायात घुसला होता.) तिच्या शेजारी बसून मला इतकं सुख वाटायचं, आणि इतकी लाज वाटायची, की दोन्हींमुळे दोरा दिसेनासा व्हायचा.

एके दुपारी, सुट्टीचा दिवस नव्हता पण माझं डोकं दुखत असल्याने मी घरी होतो, भिंगरी दप्तर फेकून आत धावत आली. "आई! आई! आमचा युनिफॉर्म बंद! उद्यापासून कुठलेही कपडे! आणि कुणी बंद केला माहितेय? बाबांनी!"

मशीन थांबली.

"बाबांनी सभेत भाषण केलं! मोठ्या बाईंनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. त्या म्हणाल्या, बघा, ज्यांच्या घरी युनिफॉर्म शिवतात तेच नको म्हणाले, याला म्हणतात त्याग. आई, त्यांनी तुझ्यासाठीपण टाळ्या वाजवायला लावल्या!"

तेव्हा मला माझ्या भाषणाच्या यशाचं कारण कळलं. विटा नव्हेत, फुलपाखरं नव्हेत. शिंपिणीचा नवराच जर नको म्हणतोय तर त्यात नक्की काहीतरी तथ्य असेल, एवढंच लोकांनी पाहिलं होतं. बाईंना वाटलं, आम्ही नवराबायकोने घरी बसून विचार करून ठरवलंय.

हिने सुईखालचा सदरा काढला, दोरा तोडला, घडी घातली. मशीनवर कव्हर चढवलं. मग माझ्याकडे पाहून एकच गोष्ट विचारली.

"मग बटणं का लावत होतात?"

तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. ती आत भिंगरीला खायला द्यायला गेली, आणि मी त्या बंद मशीनजवळ बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कापडाचं काय करायचं? बेतलेलं कापड कुठला व्यापारी परत घेतो? तागे उरले ते उरले. हिने एक दिवस सगळे शिवलेले सदरे पेटीत भरले आणि उरलेल्या कापडाला घरात वाट दाखवली. पडदे वांगी झाले. उशांचे अभ्रे वांगी झाले. गॅसच्या सिलिंडरला वांगी झगा आला. आणि एका सकाळी माझ्या पलंगावर पूर्ण मापाचा सदरा आणि पँट येऊन पडली. वांगी, पांढऱ्या कॉलरीसकट.

"हे काय?"

"कापड वाया जातंय," ती म्हणाली. त्या दिवसांत ती माझ्याशी एवढीच बोलायची.

मी तो घातला. शिक्षा म्हणून घातला, आणि खरं सांगायचं तर आतून जरा बरंही वाटलं, की निदान माझं माप तिला अजून पाठ आहे. ऑफिसात साहेबांनी मला पाहून एक खोकं उचलायला सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमच्या कंपनीला सांगा, माणूस वेळेवर पाठवत जा." मी खोकं खाली पोचवलं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने त्या दिवशी पहिल्यांदा माझं नाव सगळ्यांना सांगितलं, साहेबांनी चुकून त्याला उचलायला सांगू नये म्हणून.

आणि शाळेचं म्हणाल तर आमच्या घरातली सकाळ हा आता सकाळचा प्रकार राहिला नव्हता. भिंगरीने आधी कपाट रिकामं करायचं, मग त्या ढिगावर उभं राहून म्हणायचं, "मला घालायला काहीच नाही!" हा सदरा परवा झाला, या पँटवर तो जात नाही, आज चित्रकला आहे, आज फोटो आहे, आज दातांच्या डॉक्टरांचा मुलगा चकचकीत बूट घालून येणार आहे. ही स्वयंपाकघरातून काही मदत करत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "बाबांना विचार. निवडायला शिकायचंय ना?"

पहिल्या आठवड्यात गंमत होती. मग एकदा भिंगरी दप्तर नीट जागेवर ठेवून घरात आली, तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"माझ्या बाकावर बसते ना ती, तिला सगळे 'पिवळी' म्हणतात," ती म्हणाली. "रोज पिवळाच फ्रॉक घालते म्हणून."

"तिला आवडत असेल पिवळा."

"बाबा," भिंगरी म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू वयाने ती मोठी आणि मी पाचवीत. "तिच्याकडे तेवढाच चांगला आहे."

मी भाषणात हा मुद्दा घेतला नव्हता. फुलपाखरांना हा प्रश्न येत नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने कपाट रिकामं केलं नाही. तिने तिचा हिरवा फ्रॉक घातला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही हिरवा. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाली, "आता ती पिवळी आणि मी हिरवी." आणि उड्या मारत गेली. हिने स्वयंपाकघराच्या दारातून ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तो हिरवा फ्रॉक रोज संध्याकाळी धुऊन वाळत पडू लागला. मला फार वाईट वाटलं. मी टाळ्या घेऊन आलो होतो आणि त्या निस्तरायचं काम या दोघी बिनबोभाट करत होत्या.

सत्र संपत आलं. सभेचं बोलावणं आलं. मी ठरवलं, आपण घातलेला गोंधळ आपणच निस्तरायचा. त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांपुढे गणवेश परत आणायचा. पेटीतले सदरे बाहेर येतील, मशीनवरचं कव्हर निघेल, पडवीत आणखी दोन मशिनी येतील, दारावर हिच्या नावाची पाटी लागेल. आणि ही माझ्याशी बोलेल. खरं म्हणजे मला एवढंच हवं होतं.

"जाऊ नका," ती म्हणाली. "आणि गेलात तर बोलू नका."

"या वेळी मी विचार करून बोलणार आहे."

"त्याचीच भीती वाटते."

मी मुद्दाम वांगी सदरा आणि पँट चढवली. माल लोकांना दिसायला हवा. भिंगरीला वर्गाची प्रतिनिधी म्हणून बोलावलं होतं, म्हणून ती बरोबर निघाली. वाटेत ती म्हणाली, "बाबा, तुझं बटण..." मी म्हटलं, "आता मधे बोलू नकोस, भाषण विसरेन." हॉलच्या दारात ती पुन्हा म्हणाली, "बाबा, अरे तुझं..." मी तोंडावर बोट ठेवलं.

मी उठून उभा राहिलो तेव्हाच पहिल्या दोन रांगा हसायला लागल्या. मी आवाज चढवला. म्हणालो, शिस्त! म्हणालो, समानता! म्हणालो, सकाळचा वेळ! प्रत्येक मुद्द्याला हशा वाढत होता. मी हातवारे केले तर आणखीनच वाढला.

डॉक्टर म्हणाले, "पण गेल्या वेळी आपणच म्हणाला होतात, मुलं म्हणजे विटा नव्हेत."

"विटा नाहीतच," मी म्हणालो. "पण..."

"घरात माल पडून असेल," मधल्या रांगेतून एक बाई आवाज हळू न करता शेजारणीला म्हणाल्या. झालं. गेल्या वेळी मी शिंपिणीचा नवरा म्हणून माझं सगळं खरं ठरलं होतं. या वेळी मी शिंपिणीचा नवरा म्हणूनच सगळं खोटं ठरलं.

माझ्याकडे एक मुद्दा शिल्लक होता, आणि तो एकच खरा होता. मी तोंड उघडलं आणि पाहिलं, तर पहिल्या बाकावर भिंगरीच्या बाकावरच्या त्या पिवळ्या फ्रॉकवाल्या मैत्रिणीची आई बसली होती. स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली साधी साडी. ती हसत नव्हती. तो मुद्दा मी गिळला.

मी म्हणालो, "माल पडलाय, खरं आहे. माझ्या बायकोने शिवलाय. तुम्ही आज हसा, पण असं काम तुम्ही पाहिलेलं नाही. या सदऱ्याला आतून चोरखिसा आहे. मुलींच्या कपड्यांना खिसे नसतात, म्हणून तिने तो ठेवला. हे बघा..." आणि मी पुराव्यासाठी चोरखिशात हात घातला.

आत टाचणी होती.

मी जो काही आवाज काढला त्याने सभा जिंकली. डॉक्टरांनीसुद्धा टेबलावर डोकं टेकलं. हसणं थांबल्यावर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आता मुलांना विचारू, आणि भिंगरी बाकावर चढली.

"युनिफॉर्मची सक्ती नको," ती म्हणाली. "ज्याला जे घालायचं ते घालू दे, पण कुणी कुणाला कपड्यांवरून नाव ठेवायचं नाही, आणि ठेवलं तर त्याने आठवडाभर वांगी सदरा घालायचा." जोराने टाळ्या. "आणि चोरखिसा मात्र पाहिजे. सगळ्या मुलींना पाहिजे. माझी आई लावून देईल."

माझ्या पोटच्या पोरीने माझ्याविरुद्ध मत दिलं, आणि तेही माझ्यापेक्षा चांगलं भाषण करून. ठराव पास झाला. गणवेश गेला तो गेलाच.

सभेच्या दिवशी संध्याकाळपासूनच आमच्या दारात फ्रॉक यायला लागले. लाल, निळे, ठिपक्यांचे, फुलांचे. पिवळाही आला. हिने मशीनवरचं कव्हर काढलं आणि प्रत्येकाला आतून, डाव्या बाजूला, वांगी कापडाचा चोरखिसा लावला. बाहेरून प्रत्येक पोरगी वेगळी, आतून सगळ्या सारख्या. पण खिशाला कापड लागतं ते किती? तळहाताएवढं. दिवाणाखालचे तागे होते तिथेच आहेत. पेटीतले सदरेही आहेत. पडवी उघडीच आहे आणि पाटी लागलेली नाही. हे मी विसरत नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

त्या पहिल्याच संध्याकाळी मी स्टूल ओढून तिच्या मशीनशेजारी बसलो. तिने उठवलं नाही. मी म्हटलं, "तू विचारलं होतंस, बटणं का लावत होतो."

मशीन चालूच राहिली.

"सांगायची हिंमत नव्हती. आणि तू गप्पा मारत होतीस. सांगितलं असतं तर त्या बंद झाल्या असत्या. चुकलं माझं. फार चुकलं."

तिने मशीन थांबवली. चाकावर हात ठेवला. मग म्हणाली, "माझंही एक सांगायचं राहिलंय. तुम्ही लावलेलं एकही बटण टिकत नव्हतं. गाठच मारत नव्हतात तुम्ही. तुम्ही ऑफिसला गेलात की मी सगळी काढून पुन्हा लावायचे."

"रोज?"

"रोज. इतक्या हौसेने बसत होतात, कसं सांगणार?"

म्हणजे तीही तो आठवडाभर माझ्यापासून एक गोष्ट लपवत होती. फरक एवढाच, की मी लपवली ती स्वतःला वाचवायला. मी म्हटलं, "एकही नाही टिकलं?"

"एक सदरा तेवढा मी तसाच ठेवलाय," ती म्हणाली. "तुम्ही लावलेल्या बटणांचा. आठवण म्हणून म्हणा, राग म्हणून म्हणा. तो तुम्हाला मोठा करून दिला."

मी खाली पाहिलं. अंगात तोच सदरा होता. पोटावरची तीन बटणं जागेवर नव्हती, आणि त्या खिडकीतून माझं जुनं, भोकं पडलेलं बनियन बाहेरची हवा खात होतं. भिंगरी वाटेत काय सांगत होती आणि सभा पहिल्या वाक्यापासून कशाला हसत होती, ते मला तेव्हा कळलं.

"अगं, मग निदान सांगायचंस तरी!"

"सांगून तुम्ही कधी ऐकता?" ती मशीन सुरू करत म्हणाली. "म्हणून तर बटणांच्या जागी लावायला चोरखिशात टाचणी ठेवली होती."